काडतुसे घरी भरण्याची साधने: नागपूरच्या नेमबाजाने काय घ्यावे आणि काय घेऊ नये?

मानकापूरकर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी गेली चार वर्षे नागपुरात .२२ रायफलने ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून, नेमबाजी करतो. परवाना माझ्या नावावर आहे, रायफल जर्मन बनावटीची आणि जुनी असली तरी नळी अजून चांगली आहे, आणि राज्य स्पर्धेत मधल्या फळीत तरी आपले नाव लागावे एवढीच सध्या माझी महत्त्वाकांक्षा आहे. अडचण काडतुसांची आहे. जानेवारीत ज्या लॉटने, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेस बनलेल्या काडतुसांनी, माझे ग्रुपिंग (कागदावर गोळ्यांचा पुंजका) दृष्ट लागावी असे येत होते, त्याच लॉटची उरलेली काडतुसे मे महिन्यात चालवली तेव्हा गोळ्या उभ्या रेषेत पसरू लागल्या. डावी-उजवीकडे काही तक्रार नाही, वर आणि खाली मात्र दहाऐवजी नऊ गुण, क्वचित आठसुद्धा. श्वास, खांद्याचा टेकू, पट्ट्याचा ताण, कोपराची जागा असे सगळे तपासून झाले. प्रशिक्षकांनी एक पूर्ण मालिका मागे उभे राहून पाहिली आणि दोष शरीराचा दिसत नाही, असे सांगितले.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या थोरल्या बंधूंकडे ओहायोत महिनाभर राहण्याचा योग आला. ते तेथे .३०८ विंचेस्टर रायफलने लांब पल्ल्याच्या एफ-क्लास स्पर्धा खेळतात आणि आपली काडतुसे घराच्या तळघरात स्वतः भरतात. एका संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो होतो. पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) डायमध्ये, म्हणजे तिला आकार देणाऱ्या साच्यात, शिरताना प्रेसच्या, म्हणजे त्या हातयंत्राच्या, दांड्यावर हाताला लागणारा तो एकसारखा जोर, वजनकाट्याच्या पळीत बारुदाचा शेवटचा कण पडेपर्यंत दोघांनीही धरलेला श्वास, आणि तीन तासांनंतर डबीत उभी राहिलेली पन्नास काडतुसे, हे सारे पाहून मला आपली कारखान्याची काडतुसे म्हणजे खाणावळीचे जेवण वाटू लागले.

येत्या डिसेंबरात घरच्या लग्नासाठी ते नागपूरला येत आहेत. आपली जुनी सिंगल-स्टेज प्रेस ते सामानातून आणून देतो म्हणतात. तेव्हा विचारायचे असे की, .२२ साठी कोणत्या डाय घ्याव्यात, काटा साधा दांडीचा पुरेल की इलेक्ट्रॉनिक लागेल, आणि पुढे कधी ३०० मीटरच्या मोठ्या रायफलकडे वळलो तर हीच साधने उपयोगी पडतील का? खर्चाचा अंदाज मी मनाशी बांधलेला आहे. अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

जुनी नळी (उत्तर)

आपला प्रश्न वाचून दोन गोष्टी तातडीने सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांपैकी दुसरी अधिक तातडीची आहे, म्हणून ती आधी सांगतो. आपल्या मेहुण्यांना आजच फोन करून कळवा की प्रेस सामानात ठेवू नये.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या बहुतेक परवानाधारकांनी कधी वाचलेली नसते. मीही ती वीस वर्षे वाचली नव्हती. दुसऱ्या कलमातील त्या व्याख्येत नुसती भरलेली काडतुसे येत नाहीत, तर दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे आपण ज्याला लोखंडाचा एक निरुपद्रवी दांडा समजतो, ती प्रेस कायद्याच्या दृष्टीने दारूगोळ्याच्या रांगेत जाऊन बसू शकते. दारूगोळा तयार करण्यासाठी पाचव्या कलमाखाली वेगळा परवाना लागतो आणि बाहेरून आणण्यासाठी दहाव्या कलमाखाली वेगळा. रायफल बाळगण्याचा जो परवाना आपल्या कपाटात आहे, तो या दोन्हींपैकी एकही नव्हे. २०१९ च्या सुधारणेनंतर शिक्षाही पूर्वीपेक्षा बऱ्याच कडक झालेल्या आहेत. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने पेटी उघडून ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर लग्नाला आलेल्या माणसाने त्याला काय उत्तर द्यायचे?

यंत्राच्या पुढे बारूद आणि ते पेटवणारी छोटी टोपी, म्हणजे प्राइमर, येतात. बारूद स्फोटकांच्या कायद्याखाली येते. नागपूरकराला हे कळण्यासाठी दिल्लीला जाण्याचीही गरज नाही, कारण संपूर्ण देशाच्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. मी रोज सकाळी त्या इमारतीवरून फिरायला जातो. प्रवासी सामानातून बारूद किंवा प्राइमर कोणतीही विमान कंपनी नेऊ देत नाही, हे वेगळे सांगायला नको. ज्याला हा मार्ग धरायचाच आहे त्याने आधी परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर हाती आल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा मागवू नये.

आता पहिली गोष्ट. .२२ चे काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्यासाठी डाय कोणत्या घ्याव्यात, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. .३०८ च्या पुंगळीला बुडाच्या मधोमध एक छोटी वाटी असते, तिच्यात प्राइमर बसवलेला असतो, तो उडाला की जुना ढकलून काढायचा आणि नवा बसवायचा. .२२ ची रचना निराळी आहे. तेथे वेगळा प्राइमर नसतो. पेट घेणारे मिश्रण ओले असताना पुंगळीच्या पोकळ कडेत, म्हणजे रिममध्ये, गरगर फिरवून पसरवलेले असते आणि फायरिंग पिन ती कडच चिरडते. एकदा चिरडलेली कड परत पोकळ होत नाही. आपल्या चटईवरची एखादी रिकामी पुंगळी उचलून तिची कड पाहा, पिनेचा चौकोनी ठसा दिसेल; तो ठसा म्हणजे त्या पुंगळीचा मृत्यूचा दाखला समजावा. शिवाय .२२ च्या गोळीचा मागचा भाग बारीक करून पुंगळीत बसवलेला असतो आणि बाहेर दिसणारी गोळी पुंगळीच्याच जाडीची असते, त्यामुळे .३०८ ची कोणतीही युक्ती तिला लागू पडत नाही.

यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. २०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, आणि त्या अंतिम फेरीतल्या आठही नेमबाजांच्या नळीतून कारखान्याचीच काडतुसे गेली. ५० मीटरच्या जगात घरचे जेवण नावाची गोष्ट नाही. सगळे खाणावळीतच जेवतात, फक्त कोणत्या दिवशीची भाजी चांगली जमली आहे ते आधी चाखून घेतात. त्याविषयी, आणि आपल्या मे महिन्यातल्या उभ्या रेषेविषयी, सवडीने लिहितो.

मानकापूरकर

आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. रात्रीच फोन केला. प्रेस खरोखरच जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेशेजारी ठेवलेली होती. .२२ बद्दल इतकी साधी गोष्ट चार वर्षांत माझ्या लक्षात येऊ नये याची लाज वाटली. पुंगळी उचलून पाहिली, ठसा आपण म्हणता तसाच आहे.

तरीही माझे कुतूहल मेलेले नाही. उद्या रीतसर परवानगी मिळून कोणी ३०० मीटरसाठी काडतुसे भरू लागलाच, तर साधनांची निवड कोणत्या क्रमाने करावी? मेहुण्यांनाही हा धागा पाठवला आहे.

तळघरातला कारागीर (उत्तर)

मीच तो मेहुणा. जावईबापूंनी एखादी वस्तू मागितली आणि आपण नाही म्हटले, असे आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरात कधी झाले नाही, म्हणून हो म्हणून बसलो. जुनी नळी यांनी वेळेवर सावध केले, त्यांचे ऋण मोठे आहे. प्रेस तळघरात परत बोल्टाने बसवली आहे.

साधनांच्या क्रमाबद्दल विचारले आहे, तर माझे मत बहुतेक नवख्यांच्या अपेक्षेच्या उलट आहे. प्रत्येकजण पहिल्यांदा प्रेसविषयी विचारतो, कारण ती मोठी, जड आणि फोटोत छान दिसते. प्रत्यक्षात अचूकतेच्या दृष्टीने तिचा वाटा सर्वांत लहान आहे. एका वेळी एकच डाय धरणारी कोणतीही घट्ट सिंगल-स्टेज प्रेस पुरते. माझी आरसीबीएसची रॉक चकर आहे आणि ती माझ्यानंतरही कोणीतरी वापरील. फॉर्स्टरच्या को-ॲक्स प्रेसमध्ये डाय किंचित सैल, तरंगती बसते, त्यामुळे पुंगळी आपोआप मध्यावर येते. ती मला आवडते, पण तिच्यावाचून अडत नाही. दांड्याच्या एका फेऱ्यात सगळी कामे उरकणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस मात्र या खेळासाठी घेऊ नये. ती पिस्तुलवाल्यांची, ज्यांना एका दुपारी हजार काडतुसे लागतात, त्यांची वस्तू आहे. आम्हाला पन्नास लागतात आणि ती पन्नासही एकमेकांची जुळी भावंडे असावी लागतात.

पैसा पहिल्यांदा घालायचा तो पुंगळ्यांत. एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या शंभर चांगल्या पुंगळ्या घ्याव्यात आणि त्या शंभरांचे एक कुटुंब मानून त्यांचे किती वेळा भरणे झाले, याची वहीत नोंद ठेवावी. लापुआने .३०८ साठी लहान प्राइमरच्या पाल्मा पुंगळ्या काढल्या आहेत, त्या आमच्या क्लबात पुष्कळजण वापरतात. मिश्र पुंगळ्या कितीही महागड्या डायमधून काढल्या तरी मिश्रच राहतात, कारण आतली जागा कमी-जास्त असली की तेवढ्याच बारुदाचा दाब कमी-जास्त होतो.

त्यानंतर डाय, आणि येथे मी माझी फजिती सांगतो. गोळी सुटताना पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, मापाची होते. डायचे काम तिला पुन्हा आकसून आणणे एवढेच. पण किती आकसायचे? पुंगळीचा खांदा (ती निमुळती होऊन गोळी धरणाऱ्या मानेला मिळते तो उतार) दोन हजारांश इंच, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, मागे सरकला की पुरे. मला ते ठाऊक नव्हते. डायबरोबरच्या कागदावर लिहिले होते तशी ती खालपर्यंत फिरवून घट्ट केली आणि प्रत्येक खेपेस खांदा त्याच्या तिपटीने मागे ढकलत राहिलो. पाचव्या भरणीला एका पुंगळीच्या बुडापासून बोटभर वर एक चकचकीत कडे दिसले, जणू कोणी आतून नखाने ओढले आहे. पेपरक्लिप सरळ करून, तिचे टोक वाकवून आत फिरवले तर तेथे टोक अडखळले. पितळ आतून झिजून कागदासारखे झाले होते. आणखी एकदा चालवली असती तर बूड निघून आले असते आणि तापलेला वायू माझ्या डोळ्यांच्या दिशेने. त्या कुटुंबातल्या सगळ्या पुंगळ्या मी त्याच रात्री पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या. म्हणून डायच्याही आधी, कॅलिपरला लावायचा खांदा मोजण्याचा जोड घ्यावा. तो डायच्या मानाने स्वस्त आहे आणि त्याच्याशिवाय सर्वांत महागडी डायसुद्धा आंधळी आहे.

डायमध्ये बुशिंग (मान आकसणारी कडी) बदलता येणारी फुल-लेंग्थ, म्हणजे पूर्ण पुंगळी आकसणारी, डाय घ्यावी, म्हणजे मानेची पकड आपल्या हातात राहते, आणि गोळी बसवण्यासाठी वर मायक्रोमीटर असलेली डाय घ्यावी. नुसती मान आकसणारी डाय एके काळी अचूकतेचा मंत्र समजली जात असे. मी ती सोडून दिली, कारण दोन-तीन भरण्यांनंतर बोल्ट जड लागू लागतो आणि जड बोल्टवर हात टाकला की नेम हलतो.

राहिला वेग मोजण्याचा विषय. पूर्वी यासाठी नळीसमोर तिपाई मांडावी लागे आणि कोणी ना कोणी तिलाच गोळी मारून बसे. आता रायफलशेजारी ठेवण्याचे तळहाताएवढे रडार मिळते. माझ्या हिशेबाने चांगल्या प्रेसवर खर्च करण्याचा पैसा या रडारवर खर्च करावा, कारण आपण भरलेली काडतुसे खरोखर एकसारखी आहेत की आपली तशी समजूत आहे, हे दुसरे कोणीही सांगत नाही.

बारूद किती घालावे याचे आकडे मी येथे मुद्दाम देत नाही. ते बारूद आणि गोळी बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तकातून घ्यावेत, खालच्या टोकापासून सुरू करावेत, आणि भरताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

काटेकोर (उत्तर)

मी नेमबाज नाही. इतवारीत आमचे तीन पिढ्यांचे काट्यांचे दुकान आहे, गिऱ्हाईक बहुतेक सराफ, आणि या धाग्यावर मी भाच्यामुळे आलो; तो एअर रायफल चालवतो. काट्याविषयी कोणी अजून सविस्तर लिहिले नाही, म्हणून धाडस करतो.

आपण नेमबाज बारूद आणि गोळी ज्या ग्रेनमध्ये तोलता, ते माप आमच्या धंद्याला परके नाही. इंग्रजांनी १८३३ साली तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा. एका तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, तेव्हा एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त. त्या हिशेबाने आपली ४० ग्रेनची .२२ ची गोळी भरते एकवीस गुंजांच्या थोडी वर, आणि .३०८ ची मोठी १७५ ग्रेनची गोळी म्हणजे जवळजवळ एक तोळा. भाच्याला हे सांगितल्यावर त्याला ग्रेन पहिल्यांदा कळला.

एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. चांगला दांडीचा काटा दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत विश्वासाने सांगतो आणि त्याला वीज लागत नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये दोन जाती आहेत. स्वस्त जातीत धातूची एक पट्टी वजनाने किंचित वाकते आणि ते वाकणे विजेने मोजले जाते. ही पट्टी तापमानाबरोबर सरकते, त्यामुळे सकाळी शून्यावर ठेवलेला काटा दुपारी कूलरच्या वाऱ्यात दुसरेच काही सांगतो. दुसऱ्या जातीत पारडे चुंबकीय बलाने जागेवर तोलून धरलेले असते आणि तोलायला किती वीज लागली त्यावरून वजन कळते. एक मिलिग्रॅम दाखवणारे असे काटे सराफांकडे आणि प्रयोगशाळेत असतात, महाग असतात, पण सरकत नाहीत.

कोणताही घ्या, त्याबरोबर प्रमाणित वजनाचा एक तुकडा घ्या आणि दर अर्ध्या तासाने तो पारड्यात ठेवून पाहा. पंखा बंद करावा. हे नागपुरात मे महिन्यात सांगणे सोपे आहे, करणे कठीण आहे. आमच्या दुकानात मोठा सौदा असला की वडील पंखा बंद करीत आणि गिऱ्हाईक घामाघूम होऊन भाव लवकर कबूल करी.

तळघरातला कारागीर

काटेकोर यांचे विवेचन वाचून आनंद झाला. तोळ्याचा हिशेब मी उद्याच क्लबात सांगणार आहे. फक्त एका ठिकाणी थोडा मतभेद नोंदवतो. एक मिलिग्रॅमचा काटा कोणाला लागतो, हे अंतरावर अवलंबून आहे. .३०८ मध्ये बारूद दहावा भाग ग्रेनने चुकले तर वेगात साधारण पाच-सहा फूट प्रति सेकंदाचा फरक पडतो. ३०० मीटरवर त्यामुळे गोळी जेमतेम तीन मिलिमीटर वर-खाली होते, आणि तेथे दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचे आहे. म्हणजे तेथे दांडीचा काटा पुष्कळ झाला. हजार यार्डांवर मात्र तोच फरक दीड-दोन इंचांचा होतो आणि आमचे दहाचे वर्तुळ दहा इंचांचे आहे, वारा वेगळाच. तेथे मी चुंबकीय काट्याचे पैसे आनंदाने मोजले. जावईबापू ३०० मीटरच्याच गोष्टी करतात, तेव्हा त्यांनी तो खर्च मनातून काढून टाकावा.

जुनी नळी

आता उभ्या रेषेविषयी.

.२२ ची स्पर्धेची काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असतात, साधारण ३३० मीटर प्रति सेकंद. ५० मीटर जायला गोळीला एका सेकंदाचा सहावा भागही लागत नाही, तरी तेवढ्यात ती सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते. वेग एक टक्का, म्हणजे तीन-सव्वातीन मीटरने बदलला, तर हे पडणे सुमारे अडीच मिलिमीटरने बदलते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे आणि गोळी ५.६ ची, वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा मिळतो, म्हणून गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकू शकतो. नेमबाजाचा स्वतःचा डगमगाट यातच बसवायचा आहे. त्यात वेगाच्या दोन टक्के फरकाचे पाच मिलिमीटर खर्ची पडले तर काय उरते ते पाहा.

बारूद तापले की वेग वाढतो. सगळी काडतुसे सारखीच तापली तर पूर्ण ग्रुप वर जातो, आपण साइट दोन क्लिक फिरवतो आणि विषय संपतो. उभी रेषा तेव्हा येते जेव्हा एकाच मालिकेतली काडतुसे वेगवेगळी तापलेली असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना आपली डबी कोठे होती? चटईवर अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात होती का? आणि वारा थांबण्याची वाट पाहत भरलेले काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये मिनिट-मिनिट पडून राहत होते का? बहुतेक ठिकाणी उत्तर या दोनांत सापडते.

मी स्वतः एकदा जूनच्या सुरुवातीला एक पूर्ण पेटी मोटारीच्या डिकीत विसरलो होतो. संध्याकाळी उघडली तर गोळ्यांवरचे मेणकट वंगण वितळून खोक्याच्या पुठ्ठ्यात मुरले होते आणि काही गोळ्या कोरड्या, काही चिकट झाल्या होत्या. त्या पेटीने मी पुढे कोणतीही स्पर्धा खेळलो नाही, सरावातही तिचा उभा पसारा गेला नाही. तेव्हापासून काडतुसे जेवणाच्या थर्मास-डब्यात, बर्फाशिवाय, घरातल्या तापमानावर ठेवून नेतो आणि चटईवर एका वेळी दहाच काढतो.

हे करूनही पसारा राहिला तर मग लॉटची चाचणी करावी. आपल्याला जो पैसा प्रेसवर घालायचा होता, त्याची खरी जागा येथे आहे. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये आपल्या नळीला एक आवडतो आणि दुसरा आवडत नाही; शेजाऱ्याच्या नळीचे उलटे असते. एली आणि लापुआ यांच्याकडे तर नेमबाज रायफल घेऊन जातात, नळी शिकंजात बांधून निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या सोडतात आणि जो जमला त्याची पुढच्या हंगामाची सगळी काडतुसे उचलतात. आपण ते नागपुरात लहान प्रमाणावर करू शकतो. चार-पाच लॉटची एकेक पेटी, वारा नसलेली सकाळ, रायफल पक्क्या टेकूवर. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत, कारण नळीत आधीच्या लॉटचे वंगण असते. मग दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रुप घ्यावेत. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर अजिबात भरवसा ठेवू नये. पाच गोळ्या कोणाच्याही एका भोकात जातात आणि मग माणूस तो कागद पाकिटात घालून वर्षभर हिंडतो. निवड करताना सर्वांत सुंदर ग्रुप कोणाचा हे पाहू नये, सर्वांत वाईट ग्रुप कोणत्या लॉटचा सर्वांत लहान आहे ते पाहावे. स्पर्धेत दगा देतो तो वाईट ग्रुप.

एक गोष्ट राहिली. चाचणीच्या आधी रायफल लाकडात बसवणारे दोन्ही स्क्रू मापाच्या टॉर्क पान्ह्याने आवळून घ्यावेत. ते सैल असतील तर आपण लॉटची नव्हे, लाकडाची परीक्षा घेत असतो.

मानकापूरकर

रविवारी सकाळी तपासले. आमच्या रेंजवर साडेआठनंतर ऊन तिरपे होऊन माझ्या चटईच्या उजव्या कोपऱ्यावर येते आणि डबी मी नेमकी तेथेच ठेवतो. जानेवारीत त्याच उन्हात हात शेकत होतो. उरलेल्या पेटीतली तीस काडतुसे आईच्या थर्मास-डब्यातून नेली, दहा-दहा काढली, चेंबरमध्ये कोणतेही थांबू दिले नाही. तीन ग्रुपपैकी दोन गोल आले. तिसऱ्यात दोन गोळ्या वर गेल्या, पण त्यांतली एक माझीच होती, ट्रिगरवर बोट पडताच कळले होते.

लॉटची चाचणी पाऊस उघडल्यावर करीन. दादा आता प्रेसऐवजी टॉर्क पान्हा आणणार आहेत. रायफलचे पुस्तक जर्मन भाषेत असल्यामुळे स्क्रूच्या मापाच्या आकड्यापुढे न्यूटन-मीटर आहे एवढेच मला वाचता येते.

जुनी नळी

तेवढे वाचता आले की पुरे आहे. आकडा पुस्तकातलाच घ्यावा, दुसऱ्याच्या रायफलचा नको. पुढचा आणि मागचा स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळत त्या आकड्यापर्यंत न्यावेत, आणि त्या दिवशी पहिल्या दहा गोळ्या कागदावर मोजू नयेत.